आमदारांसाठी राखीव

एसटीत एका सीटवर 'आमदारांसाठी राखीव' असं लिहिलेलं असतं. तिथं खराखुरा आमदार बसलेला तुम्ही कधी पाहिलाय? आमच्या गावी या, सकाळच्या भोकरदन गाडीत दाखवतो. माजी असला म्हणून काय झालं!

लिंबाजीआबा माझे शेजारी. एकदाच निवडून आले, पुढच्या खेपेला पडले, पण कपड्यांची कडक इस्त्री अजून मोडलेली नाही. त्या सीटवर कुणी गडी बसलेला दिसला की काठी आपटतात, "ऊठ राजा, सभागृह सुरू झालं!" कंडक्टरसमोर माजी आमदाराचा पास धरतात, त्यानं तो पूर्ण वाचला की खिशात ठेवतात आणि ऐटीत तिकीट काढतात. आमदार म्हणून प्रवास फुकट, पंचाहत्तरी उलटली म्हणूनही फुकट. तरी तिकीट! मला वाटायचं, म्हातारा चळला.

शिवाय रोज गाडी यायच्या आधी ते फाट्यावरच्या जिपांतली माणसं खाली उतरवतात. "मत न्हाई दिलं तरी चालंल, पण एसटीत बसा. जल्दी!" मलाही दोनदा विनाकारण भोकरदनला नेऊन आणलं. गाडीतल्या कॉलेजच्या सगळ्या मुलींना ते शांताच म्हणतात. मुली हसतात आणि ओ देतात.

परवा तिसऱ्यांदा नेलं, तेव्हा मी वैतागून विचारलंच, "आबा, पास असून तिकीट कशाला?"

"गुरुजी, या गाडीत समदे फुकट. पोरींला पास, म्हाताऱ्यांला माफी. साहेब लोक म्हणून राह्यले, कमाई न्हाई, गाडी बंद करतो. मंग या पोरी जातील कशात?"

ही गाडी आबांनीच आणलेली. पाच वर्षांत सभागृहात एकदाच बोलले, ते हिच्यासाठी.

"अन् शांता कोण?"

आबांनी पुढच्या सीटवरच्या मुलींकडे काठी दाखवली. "माही थोरली. लई हुशार. सातवी झाली अन् घरी बसली. गाडीच न्हवती. मी आमदार झालो तवर तिला दोन लेकरं झाल्ती."

असा आमदार आमच्या गावचा! दुसऱ्या खेपेला मी त्यांना मत दिलं नव्हतं, हे मात्र आजवर सांगितलेलं नाही.

तेवढ्यात कंडक्टर आला. माझीही पंचाहत्तरी झालीय. मी कार्ड खिशातच ठेवलं आणि म्हणालो, "एक फुल, भोकरदन."