दावीदमामांचं गणगोत

दावीदमामांच्या नात्यातली जितकी माणसं मेली तितकी आमच्या गावात कुणाच्याच नात्यातली मेली नसतील, आणि त्यातलं एकही मामांच्या ओळखीचं नव्हतं.

हे मी खात्रीनं सांगतो, कारण ती सगळी नाती माझ्याच हातानं लिहिली आहेत. बहात्तरचा पाऊस दडी मारून बसला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मी जालन्याकडच्या एका लहानशा सरकारी दवाखान्यात कारकून होतो. रस्त्याच्या दुष्काळी कामावर खडी फोडायला लांबलांबची माणसं आली होती. उन्हानं, हगवणीनं, नाहीतर नुसत्या उपासानं ती कोसळायची. कामावरचा ट्रक त्यांना आमच्या दारात उतरवून जायचा आणि त्यातली बरीच पुन्हा उठायची नाहीत. न्यायला कुणी आलं नाही की नोंदवहीत मला 'बेवारस' असं लिहावं लागे. बेवारस लिहिलं की पोलीस आले, पंचनामा आला, आणि तोवर दोन-तीन दिवस ते प्रेत मागच्या पत्र्याच्या खोलीत. दिवस मे महिन्याचे होते. जास्त सांगत नाही.

मामांना तो शब्दच खपायचा नाही. मिशन कंपाउंडात राहणारा हा पन्नाशीतला काटकुळा माणूस रोज सकाळी माझ्या टेबलासमोर येऊन उभा राहायचा. वॉर्डात रात्रीतून कोण गेलं हे त्याला माझ्या आधी ठाऊक असायचं. 'मयताशी नाते' या रकान्यावर बोट ठेवून तो म्हणायचा, "लिव्हा साहेब. चुलता."

"मामा, कालचाही चुलताच होता."

"मंग मावसा लिव्हा. जल्दी करा, ऊन चढून राह्यलं."

त्या उन्हाळ्यात त्यांना इतके चुलते निघाले की त्यांच्या आजोबांच्या संसाराची मलाच काळजी वाटू लागली. एकदा गळ्यात ताईत असलेला एक म्हातारा गेला. मामांनी त्याला मेहुणा ठरवलं. मी म्हटलं, "मामा, हा मुसलमान आहे." मामा शांतपणे म्हणाले, "मंग काय झालं? बहीण पळून गेल्ती." मी लिहिलं. दुपारी त्यांनी त्या मेहुण्याला बिनचूक कब्रस्तानात पोचवलं आणि मुल्लाला झोपेतून उठवून आणलं.

खरं तर मामांना बहीण नव्हती, चुलता नव्हता, आजोबाही नव्हते. आधीच्या कुठल्याशा दुष्काळात कुणीतरी त्यांना दुपट्यात गुंडाळून मिशनच्या फाटकाशी ठेवलं होतं. दावीद हे नाव तिथल्या मडमेनं दिलं. लग्न झालं नाही. "पोरीचा बाप इचारतो, तुमचं कूळ कोन्तं. काय सांगू, फाटक?" असं ते स्वतःच सांगायचे आणि विडी पेटवायचे.

त्यांचा धंदा बर्फाच्या गोळ्याचा. हातगाडीवर लाल-हिरव्या बाटल्या मांडून ते शाळेपुढे उभे राहत. मग त्याच गाडीवरून ते प्रेतं नेऊ लागले आणि धंदा झोपला. गाडी ते राखेनं घासत, फिनेलनं धूत, पण त्या गाडीवरचा गोळा कोण खाणार? मामांना याचं मनापासून नवल वाटायचं. "इतकी साफ गाडी जिल्ह्यात दावा," असं ते रागानं म्हणायचे. त्यांचा राग एकूणच फार. शिव्या तोंडात ठेवलेल्या. रविवारी चर्चला निम्म्या वेळा दांडी, आणि आले तरी प्रार्थनेत डोळे उघडे. त्यामुळे चर्चच्या पंचांचं त्यांच्याविषयी मत बरं नव्हतं.

एकदा चर्चचे पाळकसाहेब त्यांना माझ्यासमोरच म्हणाले, "दावीद, तू सरकारी कागदावर रोज खोटी साक्ष देतोस. आज्ञा आठवते ना?"

"आठवती की. शेजाऱ्याच्या इरुद्ध खोटं बोलू नगं. मी त्याच्या बाजूनं बोलून राह्यलो."

पाळकसाहेब सज्जन माणूस होते, त्यांना हसूही आलं असावं.

गावात उलटीच कुजबुज होती, की मामा मेलेल्यांना बाटवतात. मी दोनदा त्यांच्याबरोबर माळावर गेलो आहे. मामा कमरेएवढा खड्डा एकटे खणायचे, माणूस हळू आत ठेवायचे, वर दगड रचायचे. क्रूस नाही, काही नाही. मी विचारलं तर म्हणाले, "त्यानं मागितला का? मेल्या माणसावर जबरदस्ती नगं." मग डोळे उघडे ठेवूनच ओठ हलवायचे. आमचं घर छप्पन साली बौद्ध झालेलं, देवाशी माझं देणंघेणं नव्हतं. पण त्या उन्हात माझी मान आपोआप खाली जायची.

हे सगळं एक दिवस आमच्या अंगाशी आलं.

पिंपळगाव रेणुकाईकडचा एक तरुण शेतकरी बापाला शोधत आला. बाप एका कामावर, लेक दुसऱ्या. बाराएक दिवसांपासून तो कामांचे हजेरीपट आणि दवाखाने पालथे घालत होता. बापाचं नाव किसन सांगितलं. मी वही पाहिली आणि नाही म्हटलं. तो जायला निघाला आणि दारात थांबून म्हणाला, "डाव्या हाताची करंगळी न्हाई त्याला. कडब्याच्या अडकित्त्यात गेल्ती."

तो हात मी पाहिला होता. ट्रकनं आणला तेव्हाच तो म्हातारा भ्रमात होता. नर्सबाई म्हणाल्या, सारखं एकच नाव घेतोय, तेव्हा मी तेच त्याचं नाव समजून लिहून मोकळा झालो होतो. मी वही उलटी फिरवून त्याच्यापुढे धरली. त्यानं अक्षरं जुळवून वाचलं.

"नामदेव," तो म्हणाला. "नामदेव तर मी हाय."

मयताचं नाव नामदेव. मयताशी नाते, चुलता. नेणाऱ्याची सही, दावीद.

मी शिपायाला पाठवून मामांना बोलावलं. ते गाडी बाहेर लावून आत आले, आणि नामदेवनं काही विचारायच्या आधीच त्यांच्या थोबाडीत मारली. "माझ्या बापाचा तू कोन? कोन्त्या हक्कानं पुरलं त्याला? आमच्यात अग्नी देतेत."

"लाकूड भेटलं न्हाई," मामा म्हणाले. गाल लाल झाला होता. एरवी माशी बसली तरी शिवी देणारा हा माणूस हात खाली सोडून उभा होता. "मी कोन न्हाई त्याचा. खोटं मी लिव्हायला लावलं. या साहेबाचा काही गुन्हा न्हाई."

नामदेव पोलिसात जातो म्हणाला. आमच्या घरातली पहिली सरकारी नोकरी माझी. लाज वाटते सांगायला, पण त्या क्षणी मला ना त्याच्या बापाचं वाईट वाटलं ना मामांचं. माझी नोकरी जाते की राहते एवढंच डोक्यात होतं.

उंबऱ्यापर्यंत जाऊन नामदेव वळला. त्याचा आवाज एकदम लहान झाला. "एकलाच मेला का त्यो?"

"न्हाई. मी होतो."

"काही बोलला?"

"नामदेवा, नामदेवा करून राह्यल्ता. दिसत नव्हतं त्याला."

"मंग?"

"मंग मी ओ दिली."

मामा पुढे म्हणाले, "हात धरला माझा. इचारलं, माय जेवली का. म्हन्लं, जेवली बा. पोटभर? म्हन्लं, पोटभर. मंग पानी प्याला अन् निजला."

नामदेव तिथंच भिंतीला टेकून खाली बसला. त्याची माय त्या दिवशी काय खाऊन होती ते त्यालाच ठाऊक. तो बराच वेळ रडला आणि मामा त्याच्यापासून हातभर अंतरावर, परक्या माणसानं बसावं तसे, बसून राहिले.

दुपारी आम्ही तिघं माळावर गेलो. नामदेवनं दगडांवर डोकं टेकवलं, मूठभर माती धोतराच्या सोग्यात बांधली आणि एसटी गाठायला निघून गेला. पोलिसांचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही.

परतताना मी मामांना म्हणालो, "मामा, खरा धर्म तुम्ही केलात."

मामांनी रिकामी गाडी थांबवली. "तसं म्हनू नका, साहेब. पाळकसाहेबाला सांगायची हिंमत न्हाई, तुमाला सांगतो. त्यो नुसता नामदेवा म्हनत नव्हता. नामदेवा, बाळा, म्हनायचा. मला जन्मात कुनी बाळा म्हन्लं न्हाई." त्यांनी तोंड दुसरीकडे फिरवलं. "मी लगेच ओ दिली न्हाई. ऐकू येत होतं, तरी गप बसलो. म्हन्लं, अजून एक बार म्हनू दे. अजून एक बार. मरत्या माणसाला हाका मारायला लावल्या मी, साहेब, घसा सुकला त्याचा."