कपाळावरची वेळ

आमच्या यांचं बोट दारात चेंगरलं, तेव्हा शेजारच्या सिस्टर मावशींनी चिंधी करकचून बांधली आणि बॉलपेननं यांच्या कपाळावर लिहिलं, ९.१०. हे तसेच इंदरगंजला ऑफिसात गेले. बडे बाबूंनी विचारलं म्हणे, भाव एवढाच का?

मावशी फौजेतून निवृत्त झालेल्या नर्स. एकट्या राहतात, पण आमचा सगळा खासगी बाजार मोहल्ला त्यांना टरकून असतो. दुधाच्या पातेल्यावर वेळ, औषधाच्या बाटलीवर वेळ. कुणी भोकाड पसरलं की म्हणणार, "आधी वेळ लिही, मग रड."

त्यांची एकच गोष्ट माझ्या डोक्यात जायची. दर संक्रांतीला भिंडहून एक निवृत्त हवालदार गजकचा, म्हणजे तीळगुळाच्या खुसखुशीत वड्यांचा, डबा घेऊन यायचा. एक पाय नकली, वर दोन जिने. आणि या बाई आतल्या खोलीत दडून मला पुढे करायच्या, सांग, बाहेर गेल्यात. गजक आम्ही खायचो, खोटं मी बोलायचे.

कारण मला ठाऊक होतं. कारगिलच्या लढाईत तंबूत जखमींची रीघ लागली होती. रक्त थांबवायला पट्टी आवळली की जखमीच्या कपाळावर वेळ लिहायची, म्हणजे ती कधी सोडायची ते पुढच्याला कळतं. या हवालदाराच्या कपाळावर लिहायचं मावशींकडून राहिलं. पट्टी तासन् तास तशीच राहिली आणि पाय कापावा लागला.

"त्याला वाटतं मी त्याला वाचवलं," मावशी म्हणाल्या होत्या. "कोणत्या तोंडानं समोर जाऊ गं?"

यंदा तो जिन्यातच धापा टाकत बसला. माझं डोकं फिरलं. हाताला धरून त्याला थेट मावशींच्या खोलीत नेऊन उभा केला.

मावशी पांढऱ्याफटक पडल्या. मग ताठ उभ्या राहून त्यांनी एका दमात सगळं सांगून टाकलं.

"पता है, सिस्टर," तो म्हणाला. "मैं होश में था. डॉक्टर साहब ने पूछा, टाइम क्यों नहीं लिखा? मैंने कह दिया, लिखा था, पसीने में मैंने ही पोंछ डाला. आप दो दिन से सोई नहीं थीं."

मावशींनी कसंबसं विचारलं, मग दरसाल कशाला येता?

"यही बताने. आप मिलती ही नहीं थीं."

मावशी मटकन खाली बसल्या आणि लहान पोरीसारख्या रडायला लागल्या. मला त्यांच्याकडे बघवेना. इतकी वर्षं त्याला जिन्यावरून परत पाठवणारी मीच होते.