लवजीभाईंच्या आवाजाचा एको

माणसाच्या शब्दाला वजन असतं, फक्त ते नंतर चढवावं लागतं. आमच्या ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओत हेच काम चालतं. सदर हकिकत त्याच कामाची असून तिच्या शेवटी गावाला पाणी मिळतं (पाऊस झाला तर).

आमच्या सौराष्ट्रात एकोशिवाय बोललेलं घरगुती समजलं जातं. तीनचाकी छकड्यावर भोंगा बांधून गावभर फिरतं ते सार्वजनिक, आणि सार्वजनिक म्हटलं की ते घुमलंच पाहिजे. प्रमाणही ठरलेलं आहे. मयताच्या शोकबैठकीला, म्हणजे बेसण्याला, अगदी थोडा, लग्नाला मध्यम, रात्रभर चालणाऱ्या लोकगीतांच्या डायऱ्याला भरपूर आणि निवडणुकीला बटण फिरेल तितका. एका सासूबाईंनी सुनेला द्यायचा निरोपही एको घालून मागितला होता. आम्ही दिला. (सून आता लवकर उठते.)

लवजीभाई सरपंचपदाला उभे राहिले तेव्हा सुरतेहून नुकतेच परतले होते. तिथे त्यांचं आयुष्य हिरे पारखण्यात गेलं. खड्यात खोट दिसली की आधी ती सांगायची, ही त्यांची सवय. दुसरा दोष म्हणजे आवाज किनरा. माइकसमोर ते म्हणाले, "मी निवडून आलो तर घरोघर पाणी येईल, पण पाऊस चांगला झाला तर." माझे भागीदार राघवभाई यांनी एको चढवला. 'पाणी येईल' असं काही घुमत राहिलं की पुढचं सगळं त्याखाली बुडालं.

लवजीभाईंनी भीत भीत विचारलं, की माझा पाऊस कुठे गेला? राघवभाई रकाबीत चहा ओतत म्हणाले, "शेठ, तुमचं पाणीच अजून येतंय. ते थांबल्याशिवाय पाऊस कसा ऐकू येईल?" शास्त्रीय कारण असल्यामुळे लवजीभाईंनी आपला चहा संपवला आणि ते प्रचंड मतांनी निवडून आले.

पाऊस झाला नाही. बायका रिकाम्या घागरी घेऊन पंचायतीसमोर बसल्या. पुढे मोंघीबेन. तिची म्हैस तहानेनं आटली होती.

"भाई, तुम्ही चार-चारदा म्हणालात," ती म्हणाली. "एकदाच म्हणाला असतात तर आम्ही सोडून दिलं असतं."

खोटा माल दिला, असं लवजीभाईंना जन्मात कुणी म्हटलं नव्हतं. त्यांनी मूळ, बिनएकोचं ध्वनिमुद्रण चौकात लावायला सांगितलं. आम्ही लावलं. किनऱ्या आवाजात पाणी आलं, मागोमाग पाऊसही स्वच्छ ऐकू आला. सभेनं एकमतानं निर्णय दिला, की हे बनावट आहे, विरोधकांनी मशिनीत घालून आवाज पातळ केलाय. तेव्हा लवजीभाई स्वतः उठले आणि त्याच आवाजात म्हणाले, "बहेन, हा माझाच आवाज आहे."

मोंघीबेनला दया आली. "घसा बसलाय तुमचा, भाई. बरा झाला की बोला."

दुसऱ्या दिवशी ते स्टुडिओत आले. चहाला हात लावला नाही. त्यांचा चेहरा बघून मला वाईट वाटलं. म्हणाले, "राघवभाई, राजीनामा द्यायचाय. एको घाला, नाहीतर कुणाला पटायचं नाही."

आम्ही घातला. 'राजीनामा देतो' इतकं भव्य झालं की लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यामागे त्यांनी मागितलेली माफी कुणाला ऐकू आली नाही.

आणि पाणी? त्याचीच वाट बघत तुम्ही इथवर आलात, हे मला माहीत आहे. पण मी पहिल्याच परिच्छेदात सगळं स्वच्छ सांगितलं होतं. कंसात.