चालत्या पंपाची काळजी

पंप बंद पडला की आमचे चौगुलेसाहेब खुशीत असायचे. पंप नीट चालू असला की त्यांना घास गिळवायचा नाही.

सत्तरच्या दशकात मी सातारा जिल्ह्यात, कृष्णाकाठच्या एका छोट्या नगरपालिकेत पाणीपुरवठ्याचा कारकून होतो. चौगुले आमचे ओव्हरसियर, मूळचे सांगलीचे. नदीवरच्या पंपघरात दोन पंप होते. एक सारखा बिघडायचा, दुसरा वर्षानुवर्षं बिनतक्रार चालत होता. साहेब आल्या आल्या मला म्हणाले, "ह्यो बिघडणारा ऱ्हाऊ द्या. दुरुस्त करत जाऊ. त्यो दुसरा बदलाय पायजे."

"साहेब, उलटं बोललात."

"सुलटंच बोललो. बिघडणारा कुठं दुखतंय ते सांगतोय तरी. दुसरा तोंडच उघडत न्हाई. त्येच्या पोटात काय हाय, कसं कळायचं?"

ऐकताना पटायचं. कचेरीत टिपण लिहायला बसलो की काही केल्या पटायचं नाही. 'पंप उत्तम चालत असल्याने बदलण्यात यावा' हे वाक्य मी किती वेळा लिहिलं आणि खोडलं!

चपलांचंही तेच. धड चप्पल घेऊन चांभाराकडे जायचे. तो उलटीपालटी करून विचारायचा, "काय करू हिला?"

"बगा नुसतं," साहेब म्हणायचे.

गावच्या जत्रेच्या तोंडावर साहेबांनी जाहीर केलं, चांगल्या पंपाचं बेअरिंग बदलायचंय, पाणी बंद राहील. आमचे नगराध्यक्ष फौजेतून रिटायर झालेले सुभेदार. ते तडक पंपघरावर आले.

"चालत्या गाडीचं चाक काढताय व्हय? फौजेत असता तर कोर्टमार्शल झालं असतं!"

"चालत्या गाडीचंच चाक निखळतंय, सुभेदार. उभ्या गाडीचं निखळून कुणाला लागलंय?"

सुभेदारांनी मान डोलावली. "ते बी खरं," म्हणाले आणि निघून गेले. बाहेर गेल्यावर मला विचारलं, "मी हो का म्हणलो रं?"

पंप उघडला. बिघडणारा नेमका बंदच होता, त्यामुळे गावभर नळांखाली कळश्या कोरड्या. शंकर फिटरनं बेअरिंग काढून पुसलं. "साहेब, ह्ये तर नव्यावाणी हाय."

साहेब ते तळहातावर फिरवत राहिले. डोळ्यांत पाणी आलं. "चांगलं हाय रं! खरंच चांगलं हाय!"

"मग नवीन बसवायचं न्हवं?"

"थांब. जुनं आता तपासलंय. नव्याचं कुणी काय सांगावं?"

जुनंच परत बसलं. संध्याकाळी पाणी आलं, आणि पाठोपाठ माणसंही आली.

"झालं काय?" सुभेदारांनी मला विचारलं.

"तपासलं."

"आन् निघालं काय?"

"काही नाही."

"मग त्यो एवढा खूश का?"

ते मलाही कळलं नव्हतं. सभेत अर्धे मेंबर म्हणाले, पंप ठेवा, ओव्हरसियर बदला. सुभेदारांना काही ठरवता येईना. त्यांनी मला बाजूला घेतलं. "रविवारी त्यो घरी जातोय. तू बी सांगलीला जा. डोकं ठिकाणावर हाय का बग."

साहेबांचं घर हळदीच्या पेठेजवळ होतं. दारातच त्यांच्या आई भेटल्या. ताठ कण्याच्या, खणखणीत आवाजाच्या.

"आवं, तुमी तरी सांगा ह्याला. मला कायबी झालं न्हाई आन् दर म्हयन्याला दवाखान्यात न्हेतोय. डॉक्टर बी आता हसतोय."

साहेब रिक्षा आणायला गेले तशा त्या हळू आवाजात म्हणाल्या, "ह्याचे वडील लय धट्टेकट्टे. पेठेत पोती उचलायचे. ह्यो शाळंत होता. एक दिस सकाळी म्हणला, आण्णा, तुमी दमल्यावानी दिसताय. तर म्हणाले, मला काय धाड भरलीया? च्या पिऊन गेले ते परत चालत आले न्हाईत. तवापास्नं धडधाकट माणूस बगितलं की ह्याचा जीव उडतोय."

"मग तुम्ही दवाखान्यात जाता कशाला?"

"डॉक्टर 'बऱ्या हायत' म्हणला की लहानपणासारखा हसतोय. त्ये बगाय जाते."

सुभेदारांना काय सांगायचं ते माझं तिथेच ठरलं. हा माणूस बदलायचा नाही. का, ते मला सभेत सांगता येणार नव्हतं. सुभेदारांनीही पुढे विचारलं नाही.

दवाखान्यातून आईंना घरी सोडून साहेब मला एसटी स्टँडवर पोचवायला आले. चेहरा फुललेला होता. गाडी लागली तसा चेहरा एकदम उतरला.

"तुमची तब्येत कशी असती?"

झकास, असं जिभेवर आलं होतं. मी त्यांच्याकडे पाहिलं.

"गुडघा धरतो जरा, अधूनमधून."

"कुठला? डावा? मग चिंता न्हाई!" त्यांनी मोठा श्वास सोडला. "शेकत जावा. कळलं न्हवं, म्हंजी झालं."

त्यांनी दंडाला धरून मला पायरीवर चढवलं. माझे दोन्ही गुडघे ठणठणीत होते. गाडी हलेपर्यंत ते खिडकीकडे बघत उभे होते, म्हणून मी जागेपर्यंत लंगडत गेलो.