काकांचं बारसं

आमच्या काकांना ‘कसे आहात?’ असं विचारलेलं खपत नसे.

“कसा आहे ते मागून सांगतो,” ते ओरडत. “आधी तुम्ही सांगा, आहे का न्हाई?”

आलेल्या माणसानं “आहात, आहात” असं तोंडानं म्हटल्याशिवाय त्याला ते ओसरीची पायरी उतरू देत नसत. कल्हईवाला, टपालवाला, रस्ता चुकून पाणी मागायला टेकलेला वाटसरू, कोणाची सुटका नव्हती. एकदा गिरदावरसाहेब पिकं बघायला केदारखेड्यात आले, तर काकांनी भर रस्त्यात त्यांच्या घोड्याचा लगाम धरला. “जनाब, पहले बोलो. मैं जिंदा हूँ के नईं?”

साहेबांनी काकांच्या मिशांकडे पाहिलं, मग लगामाकडे पाहिलं. “बिलकुल जिंदा हो पंडितजी,” ते म्हणाले, “हमसे भी जियादा.”

काकांनी लगाम सोडला आणि घराकडे तोंड करून गर्जना केली, “ऐकलं का दादा? निजाम सरकारात मी जिवंत आहे! मेलोय तो फक्त आपल्या घरात!”

दादा म्हणजे माझे सासरे, काकांचे थोरले भाऊ. अशा वेळी ते आत देवपूजेला बसलेले असत आणि घंटा जोरात वाजवत.

गाव हसे. मीही पदराआड हसले आहे, खोटं कशाला बोलू? पण काका वेडे नव्हते. काका खरोखरच मेलेले होते. त्यांच्या तेराव्याचा स्वयंपाक मीच केला होता.

झालं होतं ते असं. काका जालन्याला स्टेशनात नोकरीला होते. मोठ्या लढाईत रेल्वेची माणसं अरबांच्या मुलखात, बसऱ्याला, पाठवायची निघाली, तेव्हा यांनी नाव दिलं. दादांनी सांगितलं, “समुद्र ओलांडलास तर आम्हाला मेलास.” काका म्हणाले, “मेलो तर मेलो,” आणि गेले. काकू तेव्हा एकोणीस वर्षांच्या. दोन वर्षं पत्रं आली, मग थांबली. बारा वर्षं काही कळलं नाही, तेव्हा दादांनी शास्त्राप्रमाणे करून टाकलं. पळसाच्या पानांचा माणूस केला, त्याला नारळाचं डोकं लावलं, आणि नदीच्या काठी त्याला अग्नी दिला.

नारळ जळाला, आणि त्याच दिवशी काकूंसाठी न्हावी बोलावला.

मी तेव्हा नवी नवरी होते. माझी वेणी काकूच घालायच्या. त्यांचा स्वतःचा बुचडा माझ्या दोन हातांत मावत नसे. त्या मागच्या पडवीत जाऊन बसल्या. मी चुलीपुढे होते. भाताचं आधण उतू गेलं, निखारे विझले, आणि घरातलं एकही माणूस कोणाकडे बघेना. तो राग मी गिळला. अजून तो पोटात तसाच आहे, पचलेला नाही.

आणि दोन वर्षांनी, एका साध्या दुपारी, जालन्याहून आलेल्या बैलगाडीतून काका उतरले. पत्र्याची पेटी, पायात बूट, गळ्यात शिट्टी. दार काकूंनी उघडलं. अंगावर लाल आलवण, डोक्यावरून पदर. काकांनी त्यांना ओळखलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

“कोण गेलं?” त्यांनी विचारलं.

“तुम्ही,” काकू म्हणाल्या, आणि आत निघून गेल्या.

मी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. तो कोणाला द्यावा हे मला कळेना.

दादांनी गोविंदभटांना बोलावलं. भटजींनी पोथी काढली. शास्त्रात यालाही वाट होती, नाही असं नाही. ज्याची क्रिया झाली तो परत आला, तर त्यानं पुन्हा जन्म घ्यायचा. तुपात बसायचं, न्हायचं, बारसं, मुंज, सगळं पहिल्यापासून, आणि शेवटी आपल्याच बायकोशी पुन्हा लग्न. तोवर त्याला पंगतीत पान नाही, आणि त्याच्या बायकोला कुंकू नाही.

“मी मेलोच न्हाई,” काका म्हणाले, “मंग जन्मू कशाला?”

“झालेली क्रिया मागे घेता येत न्हाई.”

“तुम्ही नारळ जाळला! नारळाला जन्माला घाला!”

तेव्हापासून आमच्या ओसरीवर लढाई जुंपली. दादांनी ‘शास्त्र’ हा शब्द उच्चारला की काका गळ्यातली शिट्टी फुंकत. सोळा वर्षं रेल्वेत गार्ड होते, शिट्टी अशी वाजे की गोठ्यातल्या म्हशी दाव्याला हिसके देत. त्यांचं पान ओसरीवर वेगळं वाढावं लागे, आणि ते घड्याळ हातात धरून बसत. “बावीस मिनिटं लेट!” मी पोळी वाढायला गेले की ते म्हणत. “बसऱ्यात एवढ्या वेळात अर्धी गाडी भरून निघाली असती. याल्ला, सूनबाई, याल्ला!” म्हणजे तिकडचं ‘चला, उरका’. बैलांना याल्ला, पोळीला याल्ला, पावसालाही याल्ला. दूध घातलेला चहा त्यांना चालत नसे. पेटीतून काळी, वाळून खडखडीत झालेली लिंबं आणली होती, ती फोडून त्याचं कडू पाणी पेल्यातून घोट घोट पीत आणि गावाला शिव्या देत. रस्त्याला शिव्या, डासांना शिव्या, आमच्या वांग्यांना शिव्या. बसऱ्याला होते तेव्हा म्हणे रोज बसऱ्याला शिव्या देत आणि केदारखेड्याच्या वांग्यांची आठवण काढत. त्यांनी स्वतःच एकदा सांगितलं आणि वर माझ्यावरच डोळे वटारले, जणू वांगी मीच बिघडवली.

एवढं सगळं मी सोसलं. पण एक गोष्ट मला सोसवली नाही. एका दुपारी दादांनी त्यांना विचारलं, “बारा वर्षं पत्र का लिहिलं न्हाईस? एक ओळ लिहिली असतीस, तर हे झालं असतं का?”

“लिहून काय करू?” काका उसळले. “तिला वाचता येत न्हाई. वाचणार कोण? तू! इथं ओसरीवर बसून, चष्मा लावून, चार माणसांत! तुझ्या तोंडून मी बायकोशी काय बोलू? दोन वर्षं लिहिलं, ‘सर्वांस नमस्कार, येथील हवा कोरडी आहे.’ किती वेळा हवा कोरडी लिहू? मंग दिलं सोडून!”

मी स्वयंपाकघराच्या दाराआड होते. हातातलं पीठ तसंच राहिलं. धाकट्याला राग आला, तो बारा वर्षं गप्प बसला. थोरल्याला राग आला, तो नारळ जाळून मोकळा झाला. दोघा भावांचा राग, आणि डोकं कोणाचं भादरलं? ती पलीकडे तांदूळ निवडत बसली होती. तिनं सगळं ऐकलं. एक खडा काढून तिनं बाजूला ठेवला आणि पुढचा शोधायला लागली.

काका येऊन पंधरा दिवस होत आले होते. त्या सकाळी गोविंदभट, दादा आणि काका, तिघांचं भांडण ओसरीवर रंगात आलं होतं. मुद्दा असा होता की जन्मच घ्यायचा तर दात असलेलं मूल शास्त्राला चालतं का. काका चहाचं पाणी घ्यायला मागच्या विहिरीकडे गेले. तिथं पडवीत धोंडिबा न्हावी धोपटी सोडून बसला होता, आणि त्याच्यापुढे पोत्यावर काकू, पदर मागे सारून.

काका जागच्या जागी थांबले. त्यांनी हे कधी पाहिलं नव्हतं. पाहणार कुठून?

“कोणी बोलावलं तुला?” ते धोंडिबावर ओरडले.

“कोनी न्हाई मालक. पंधरा दिस झाले म्हनून आलो.”

“चालता हो! मी जिवंत आहे!”

धोंडिबा बिचारा वस्तरा हातात धरून काकूंकडे बघायला लागला. काकूंनी मान वळवली नाही. दारातल्या त्या ‘तुम्ही’नंतर त्या काकांशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. आता बोलल्या, अगदी हळू.

“मला कोणी ‘नको’ म्हणून सांगितलं न्हाई. तुमचं भांडण चालू द्या. मिटलं की कळवा.” आणि मग, “उरक रे धोंडिबा, ऊन लागून राह्यलं.”

विहिरीवर रिकामा तांब्या तसाच ठेवून काका ओसरीवर गेले.

“दादा,” ते म्हणाले, “काढ तुझं तुपाचं घंगाळ.”

पण घंगाळात काका मावेनात. पंचेचाळिशी ओलांडलेलं, मिशा असलेलं बाळ, एक पाय आत घातला की दुसरा बाहेर. शेवटी शेजारच्या मळ्यातून गूळ करायची काहील आणली. काहील भरून तूप शास्त्रात असेल, आमच्या घरात नव्हतं. भटजींनी कोमट पाणी आणि पळीभर तुपावर भागवलं. सासूबाईंनी मला कुंची शिवायला सांगितली होती. मी काकांच्या टोपीवरून माप घेतलं. कुंचीला झालर लावताना मला हसूही येई आणि सुई मोडून टाकावीशीही वाटे.

काका काहिलीत बसले, गुडघे हनुवटीला टेकलेले, टकलावर तूप, तुपाला मुंग्या. अख्खं गाव भिंतीवर चढलं होतं. कोणीतरी ओरडलं, “लोक म्हंत्यात, जालना सोन्याचा पाळना! तुमच्या पोराला काहील का हो?” सगळे फिदीफिदी हसले. काकांच्या गळ्याच्या शिरा ताठ झाल्या. पण एरवी पोळीला उशीर झाला तर आकाशपाताळ एक करणारा माणूस, कुंची घालून मुकाट बसला.

बारशाला नाव ठेवायला आत्या लागते. काकांची आत्या आष्टीची, ऐंशीच्या पुढची. गाडीतून उचलून आणावी लागली. तिनं काकांच्या कानात कुर्रर्र केलं, नाव सांगितलं, बायकांनी तिच्या पाठीत बुक्के घातले, आणि ती खोकत म्हणाली, “पहिल्या खेपेला लई रडला होता. आता शहाणा झाला.”

मुंज झाली. भटजींनी लग्नाचा मुहूर्त काढला, पुढच्या आठवड्याचाच. सगळ्यांना एकदाचं उरकायचं होतं.

“न्हाई,” काका म्हणाले.

दादा ताडकन उठले. “आता काय न्हाई? जन्मलास, मुंजलास, आता काय उरलं?”

“तिचे केस येऊ द्या.”

भटजींनी पंचांग मिटलं, पुन्हा उघडलं. “शास्त्रात तसं काही...”

“शास्त्रात नसेल. बुचड्यात फूल घालता आलं पाहिजे. तोवर मुहूर्त न्हाई.”

“लोक काय म्हणतील?” दादा म्हणाले.

“लोकांनी मला कुंचीत पाहिलंय दादा. आता काय म्हणायचं राह्यलंय?”

लोक म्हणालेच. काकांची बसऱ्याला दुसरी बायको आहे, म्हणून टाळाटाळ चालली आहे, असं पाणवठ्यावर बायकांनी मला तोंडावर सांगितलं. मला घागर त्यांच्या डोक्यात घालावीशी वाटली. मी घागर भरली आणि घरी आले. मला तेवढंच जमतं.

काका ओसरीवरच राहिले. लग्न झाल्याशिवाय आत यायचं नाही, काकूंशी बोलायचं नाही. बोलले असते तरी काय बोलले असते कोण जाणे, हवा तर इथंही कोरडीच. पण दर बाजाराला ते भोकरदनला जात आणि येताना केस वाढायला माका आणि खोबरेल आणत. बाटली स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर ठेवत आणि कोणाला काही न सांगता परत जात. ते तेल काकूंच्या डोक्याला मी लावत असे. काकू डोळे मिटून बसत. हो म्हणत नसत, नको म्हणत नसत.

पहिल्या महिन्यात एकदा काका दाराशी आले. पाठ आमच्याकडे, तोंड अंगणाकडे. “सूनबाई,” ते गुरगुरले, “किती?”

मोठ्या माणसांपुढे माझं तोंड उघडत नसे. मी दाराआडून हात बाहेर काढला आणि एक बोट आडवं धरलं, केस तेवढेच आले होते. काकांनी मान वळवून बघितलं. “लेट आहे,” म्हणाले आणि गेले. मग दर महिन्याला हे ठरूनच गेलं. “किती?” दोन बोटं. “किती?” तीनच. त्या वेळी ते तेलवाल्यावर चिडले, तेलात पाणी आहे म्हणाले.

आठव्या महिन्यात ते आले तेव्हा काकू माझ्या पुढ्यात पाटावर बसल्या होत्या. केस आता मानेवर रुळायला लागले होते, थोडे पांढरे, थोडे काळे, आणि माझे हात तेलानं माखले होते.

“किती?”

मी हात पुसून बाहेर काढणार, तोच काकूंनी माझं मनगट धरलं आणि मागे सारलं. त्या उठल्या. दाराच्या चौकटीशी गेल्या, आणि त्यांनी स्वतःचा हात बाहेर काढला. पाचही बोटं पसरलेला. मनगट उघडं, त्यात अजून बांगडी नव्हती.

मी फटीतून बघितलं. काका त्या हाताकडे बघत उभे होते आणि त्यांचे ओठ हलत होते. ते मोजत होते. पाच बोटं मोजायला माणसाला इतका वेळ लागत नाही.