पोरांस पोरे दिसेनाशी झाली त्याची हकीकत

नमन त्या पाटीस, जी आपणावर लिहिणाऱ्याचे कूळ पुसत नाही. शके सोळाशे वीस, बहुधान्यनाम संवत्सर, ते समयी एका राज्यात जे अघटित उघडकीस आले ते जैसे ऐकिले तैसे लिहिले असे. त्या राज्यात थोरल्या महाराजांनी सरकारची एक शाळा घातली होती. खर्च सारा खजिन्याचा, पोराच्या बापास कवडीची तोशीस नाही, आत देव्हारा नाही आणि नमाजाची जागाही नाही. ज्याने त्याने आपला देव घरी भजावा आणि येथे येऊन अक्षर गिरवावे ऐसा दंडक. आणि चाल ऐसी की, नवे पोर येईल त्याने आपल्या अंगणातील ओंजळभर माती आणावी, मग पंतोजी बाबदेव यांनी ती कालवून शाळेच्या जमिनीस सारवावी, आणि मग पोराने त्या जमिनीवर बसावे. मठाच्या पेठेची माती, मोमीनपुऱ्याची माती, चर्मकारवाड्याची माती, सगळी एकजीव जाहली होती. पुढे थोरले महाराज निवर्तले आणि धाकट्या महाराजांस हत्तीवर सोन्याची अंबारी हवी जाहली. दिवाण नरसोपंत माणूस वाईट नव्हे, परंतु धन्याची हौस भागवणे म्हणजेच राज्य चालवणे ऐसी त्यांची समजूत. त्यांस आईवेगळी एकच कन्या, नाव वेणू, तेव्हा रांगत होती, तिजवर पंतांचा जीव की प्राण. त्याच सुमारास मठाधिपती आले, आणि मग पेठेचे शेट आले, आणि मग मौलवीही आले, आणि जो तो म्हणो लागला, "आमची पोरे आम्ही आमच्या छत्राखाली शिकवितो, सरकारास त्रास कशास?" पंतांस आयतेच फावले. शाळेचे छप्पर गळत होते ते गळू दिले, पंतोजींचे वेतन तुंबविले, मग शाळाच बंद करून तो खर्च अंबारीस लाविला. आणि कोणी कुरकुर करू नये म्हणून शाळेची जमीन खणविली, आणि पेठोपेठीच्या लोकांस त्यांच्या मातीच्या टोपल्या वाजतगाजत परत दिल्या. बाबदेव बोलिले, "पंत, कालवलेली माती निवडता येत नसते. आपण काय उपटून नेत आहां, ते आपणांस ठाऊक नाही." पंत हसले आणि पालखीत बसले.

मग पेठोपेठी शाळा जाहल्या. शेटजींच्या शाळेस गालिचे, मठाच्या शाळेस चांदीची घंटा, आणि चर्मकारवाड्यास शाळा म्हणून एक बाभळीचे झाड, तेही निष्पर्ण. काही वर्षे ऐसी गेली आणि बाजारात पोरे एकमेकांस धडकू लागली, आणि धडकून वळून पाहीनात. एकाच मैदानात दोन पेठांची पोरे खेळत, आणि एकाची विटी दुसऱ्याच्या कपाळी लागून रक्त निघे, तरी ज्यास लागे तो आभाळाकडे पाही, आणि ज्याची विटी तो ती त्याच्या पायापासून उचलून नेई, मान वर न करिता. वडील माणसे आपसांत म्हणत, "पोरे किती गुणी निपजली! भांडणे म्हणून नाहीत." कोणास भय वाटले नाही, हेच मोठे भय.

मग ज्येष्ठमासी, भर दुपारी, वेणू टेकडीवरील दरबाऱ्यांच्या पोरांच्या शाळेतून उतरून येता तळ्याच्या शेवाळल्या पायरीवरून घसरली आणि पाण्यात गेली. काठाशी मोमीनपुऱ्याची पोरे सूत धूत बसली होती. वेणूने हाका मारिल्या, हात वर केले, नाकातोंडात पाणी गेले, आणि पोरे सूत पिळत राहिली. पंतांची पालखी तेथून जात होती. लेकीचा आवाज ओळखून त्यांनी पागोट्यासकट उडी घातली आणि तिला वर काढिली, ती थरथरत होती, परंतु जिवंत. पंत संतापून ओरडले, "हातभर अंतरावर पोर बुडत होती, आणि तुम्ही सूत धूत बसलात?" तेव्हा जुलेखा नामे विणकराची मुलगी, ओली लडी हाती घेऊन उभी राहिली आणि अदबीने बोलली, "कोन पोर, सरकार? पानी हाललं तेवढं दिसलं. आन् तुमी हात असं कशापायी धरलाय? हातात तर काय बी न्हाई." पंत लेकीकडे पाहू लागले. वेणूने त्यांच्या गळ्यास मिठी मारिली आणि कुजबुजली, "बाबा, कोणाशी बोलता? येथे कोणीच नाही."

पंत त्याच ओल्या अंगरख्याने दरबारात गेले आणि दिवाणगिरीची मुद्रा महाराजांपुढे ठेवून बोलिले, "अंबारी वितळवावी आणि शाळा पुन्हा घालावी, नाहीतर ही मुद्रा दुसऱ्यास द्यावी." महाराज बोलिले, "पंत, भ्रम जाहला काय?" पंत बोलिले, "महाराज, हीच पोरे उद्या आपली फौज होणार. शेजारी तलवार खाऊन पडेल आणि शेजाऱ्यास दिसणार नाही. ती फौज कोणाशी लढेल?" महाराजांनी मुद्रा उचलून पंतांच्या हाती परत दिली. मग अंबारी वितळली, छप्पर शाकारिले, बाबदेवांस पालखी पाठवून आणिले, त्यांनी पेठोपेठीची माती पुन्हा कालवून जमीन सारविली, चर्मकारवाड्याच्या पोरास आणि दरबाऱ्याच्या पोरास एकच पाटी आणि एकच पंगत नेमिली. मठाधिपती रुसले, मौलवी रुसले, शेटजी तर अंथरूण धरून बसले. पंतांनी आधी वेणूस नेऊन बसविली. जुलेखा आली आणि वेणूच्या परकरावरच बसली, आणि दोघींसही काही कळले नाही, आणि ऐसे कितीक दिवस चालले, आणि पंत रोज खिडकीशी उभे राहून पाहात आणि तसेच परत जात. मग एके सकाळी जुलेखा थबकली, डोळे बारीक केले आणि खेकसली, "ए, सरक की जरा! समदी जागा तुझ्याच बापाची हाय व्हय?" वेणू म्हणाली, "मी आधी बसले आहे!" आणि दोघी कडाकडा भांडल्या, आणि राज्याचे दिवाण भिंतीस डोके टेकून लेकरासारखे रडले.

तात्पर्य, शाळा खजिन्याने पोसावी, सर्वांस सारखी असावी, आणि तीत कोणा एकाच्या देवाची गादी नसावी. लहान होती त्यांची नजर परत आली. परंतु मधल्या वर्षांत जी पेठोपेठी शिकून मोठी जाहली, त्यांची आली नाही. ती पुढे कारभारी जाहली, न्यायाधीश जाहली. कचेरीत बसतात, समोर अर्धा गाव हात जोडून उभा असतो, आणि ती कारकुनास पुसतात, "आज फिर्यादी कोणीच आले नाही काय?" येणेप्रमाणे हकीकत संपूर्ण.