वापरकर्ता क्रमांक एक

माणसाची व्यथा मनापासून समजून घेतल्याशिवाय धंदा उभा राहत नाही, हे आता निर्विवाद सिद्ध झालं आहे. दोन दिवसांच्या कार्यशाळेत ते शिकवतात. व्यथा मात्र आपली आपण आणावी लागते.

थोरल्याने ती आईकडून आणायचं ठरवलं. ज्येष्ठांसाठी काहीतरी करणारं स्टार्टअप त्याने काढलं होतं. नक्की काय, ते कार्यशाळेत शिकलेल्या डिझाइन थिंकिंगमधून निघणार होतं. ज्येष्ठ, एकटी आणि फुकट अशी बाई त्याच्या माहितीत एकच होती.

"आई, मी आज मुलगा म्हणून आलेलो नाही. संशोधक म्हणून आलोय."

"मग संशोधकांना म्हणावं, चपला बाहेर काढा."

तो समोर बसला. फोन बंद केला. सहवेदनेच्या टप्प्यात फोन चालत नाही. "तुझी सगळ्यात मोठी अडचण काय?"

"मला मेलीला कसली अडचण?"

त्याचा चेहरा पडला. तो उठायच्या बेतात आहे, हे आईने ओळखलं. एरवी तो गाडीतून फोन करायचा आणि सिग्नल सुटला की ठेवायचा. आज प्रथमच मांडी ठोकून बसला होता.

"बरणीचं झाकण उघडत नाही रे," ती घाईघाईने म्हणाली.

झाकण उत्तम उघडत होतं. पण कंपनीत समस्येची व्याख्या झाली: 'ज्येष्ठांचे झाकणविषयक परावलंबन'. भिंतभर रंगीत चिठ्ठ्या लागल्या. पुढच्या मंगळवारी थोरला झाकण उघडायच्या यंत्राचा पुठ्ठ्याचा नमुना घेऊन हजर झाला. आईने बरणीशी झटापट केली, थोडी धापही टाकली. "नाही बाई जमत. पुन्हा आणशील?"

नमुना फसला की कंपनीत टाळ्या पडत. लवकर फसणं हे प्रगतीचं लक्षण होतं. आईने त्यांच्या प्रगतीत कसर ठेवली नाही.

शेजारीण चक्रावली. "अहो, काल माझी घट्ट बरणी तुम्हीच एका झटक्यात उघडून दिलीत की!"

"हळू बोला. तो खाली गाडी लावतोय."

अखेर गुंतवणूकदार वैतागला: झाकणाच्या मुळाशी जा! थोरला मुळाशी बसला.

"झाकण का उघडत नाही?"

"हातात जोर नाही."

"जोर का नाही?"

"जेवण जात नाही."

"मंगळवारी तर व्यवस्थित जेवतेस."

आईजवळचं खोटं संपलं. "मंगळवारी तू असतोस ना रे."

थोरल्याचे डोळे भरून आले. आईने हात पुढे केला.

"आई," तो उडी मारून म्हणाला, "इनसाइट सापडली!"

महिनाभरात अ‍ॅप आलं. त्यात थोरल्याचा आवाज दर मंगळवारी विचारपूस करतो आणि ठरावीक अंतराने "हं" म्हणतो. संशोधन संपल्यामुळे थोरल्याचं येणं थांबलं. तो आता सहवेदनेवर भाषणं देत हिंडतो. अ‍ॅप उघडत नाही, अशी तक्रार आईने करून पाहिली. मदत कक्षातली मुलगी गोड आवाजात म्हणाली, "आजी, बंद करून परत चालू करा."

अ‍ॅप धडाक्याने खपतं आहे. विकत घेणाऱ्यांत आई एकही नाही. सगळी मुलंच आहेत.